जिनी स्प्रिंग्ज: जाळी आहे तिथेच दिवा

फ्लोरिडात गोड्या पाण्याचे हजाराहून जास्त झरे आहेत आणि त्यातले बरेच सरकारी पार्कांत येतात. उत्तर भागातल्या हाय स्प्रिंग्ज गावाच्या पश्चिमेला, सांता फे नदीच्या दक्षिण काठावर असलेला जिनी स्प्रिंग्ज मात्र खासगी मालकीचा आहे. पोहणं, ट्यूबवर बसून नदीत वाहत जाणं, तंबू ठोकून राहणं आणि स्कूबा, हे सगळं एकाच फाटकाच्या आत. गेन्सव्हिलहून गाडीने पाऊण तास, ओरलँडोहून दोन-सव्वादोन तास. आधी निकाल सांगून टाकतो. ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राचं कार्ड असलेल्याला इथे खर्च केलेला प्रत्येक डॉलर वसूल होतो. मुलंबाळं घेऊन जाणाऱ्यांनी वार आणि नदीची पातळी, दोन्ही बघून जावं. आणि मे ते सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी शांत झरा बघायचा म्हणून कोणी निघणार असेल, तर त्याने दुसरी जागा शोधावी.

पाणी वर्षभर २२ अंश सेल्सिअस. जमिनीखालच्या चुनखडीच्या थरांतून झिरपत, पोकळ्यांतून वाट काढत ते वर येतं, त्यामुळे जानेवारीतल्या थंडीत झऱ्यावर वाफ दिसते आणि ऑगस्टच्या उकाड्यात त्याच पाण्यात पाय टाकताना अंगावर काटा येतो. बावीस हा आकडा कागदावर सौम्य वाटतो. कोकणच्या समुद्राची सवय असलेल्यांना तो चांगलाच गार लागतो. पोहायला तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो, तासभर डायव्हिंग करायचं तर पाच मिलिमीटरचा हवा. मुलांचं अंग लवकर गार पडतं. ओठ निळसर दिसू लागले की पंधरा मिनिटं उन्हात बसवायचं, मग पुन्हा पाण्यात. सुती टी-शर्ट आणि ओढणीचे कपडे पाण्यात जड होतात आणि अंग आणखी गार करतात, त्याऐवजी पोहण्याचा लांब बाह्यांचा टॉप बरा.

आता नितळपणाबद्दल. तळातली वाळू आणि गवताचं पातंन्‌पातं काठावरून दिसतं, आणि फसगत इथेच होते. काठावरून सरळ खाली पाहिलं तर पाण्याची खोली खऱ्या खोलीच्या पाऊणपटच भासते. सोळा फुटांचा डोह बारा फुटांचा वाटतो, पाच फुटांची जागा चार फुटांहूनही कमी. ज्याला जेमतेम पोहता येतं तो ‘इथे पाय टेकतील’ म्हणून उतरतो आणि टेकत नाहीत. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना खोल पाण्याचं भय नसतं, पण त्यांची खोड वेगळी: काठावरून सूर मारायची. चुनखडीच्या कपारी पाण्याखाली एक-दोन फुटांवर पुढे आलेल्या असतात. मुख्य डोहातही डोक्यावर उडी घेऊ नका, मुटका तर नाहीच नाही. पायऱ्यांनी उतरा. लहान मुलांना बांधता येणारं लाइफ जॅकेट घाला. दंडावर चढवायचे फुगवायचे पट्टे गार पाण्यात हवा आकसून सैल पडतात.

सांता फे नदी हा या जागेचा अर्धा स्वभाव आहे आणि बहुतेक लोक तो न बघता निघतात. नदीचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं. दलदलीतल्या पानांमधून उतरलेल्या टॅनिनमुळे, घाणीमुळे नव्हे. नदी खाली असली की झऱ्यांचं निळं पाणी जोरात बाहेर पडून नदीला मागे रेटतं आणि दोन रंगांची सीमा स्पष्ट दिसते. वरच्या भागात मोठा पाऊस झाला की नदी चढते, झऱ्यांच्या मुखावर दाब येतो, आणि तपकिरी पाणी डोहात शिरतं. काठावरचे छोटे झरे आधी बुडतात. पाणी आणखी चढलं तर मुख्य डोहही गढूळतो. २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा वादळानंतर या नदीला मोठा पूर आला होता. वादळाच्या हंगामात, म्हणजे जून ते नोव्हेंबर, अशी वेळ पुन्हा येऊ शकते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा फोर्ट व्हाइटजवळचा सांता फे नदीचा पातळीमापक ऑनलाइन बघा. एका आकड्यावरून फारसं कळत नाही, गेल्या दहा दिवसांचा आलेख बघा. रेषा सपाट किंवा उतरती असेल तर निघा. चढती असेल तर पार्कात फोन करून ‘बॉलरूम साफ आहे का, डेव्हिल्स इअर साफ आहे का’ असे दोन वेगळे प्रश्न विचारा (बॉलरूम म्हणजे मुख्य डोहाच्या तळाची गुहा, डेव्हिल्स इअर म्हणजे नदीच्या पात्रात उघडणारा झरा), कारण एक साफ आणि दुसरं तपकिरी असं सर्रास होतं.

गर्दीबद्दल फार लिहीत नाही. इथे प्रौढांना दारू न्यायला परवानगी आहे, जवळच मोठं विद्यापीठ आहे, बाकीचं हिशोबाने समजून घ्या. मेअखेरचा मेमोरियल डे, चार जुलै आणि सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डे या सुट्ट्यांच्या आसपास नदी ट्यूबांनी भरते, स्पीकरवर गाणी वाजतात आणि संध्याकाळपर्यंत काठावर रिकाम्या कॅनचा खच पडतो. मंगळवारी सकाळी नऊला तोच पार्क ओळखू येत नाही. ऑक्टोबर ते एप्रिल हे महिने उत्तम. त्यातही हवा कोरडी असली की नदी खाली असते.

पोहणाऱ्यांनी मुख्य जिनी डोहापासून सुरुवात करावी. लाकडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, पण त्या शेवाळाने निसरड्या असतात, कठड्याला धरून उतरा. मास्क आणि स्नॉर्कल न्यायलाच हवं, नाहीतर अर्धी मजा गेली. डोहाच्या मध्यावर तरंगत खाली पाहिलं की तळाशी गुहेचं रुंद तोंड दिसतं, आत गेलेल्या डायव्हरांचे बुडबुडे खडकाच्या फटींतून वर येतात आणि झऱ्याच्या रेट्याने तळाची वाळू जागच्या जागी उसळत असते. स्नॉर्कल घेऊन त्या तोंडाच्या आत डोकावू नका. एक श्वास धरून छताखाली गेलेल्याला वर यायला सरळ वाट नसते. डोह ते नदी हा छोटा प्रवाह पोहत पार करता येतो. मात्र नदीत शिरताच ओढ जाणवते आणि परत येताना तीच अंगावर येते.

ट्यूब भाड्याने मिळते, स्वतःची आणली तर हवा भरायची सोय आहे. चार-पाच जण असाल तर ट्यूबा दोरीने एकत्र बांधा, पण सैल. फांदीत अडकल्यावर ओढून सोडवता यायला हव्यात. पायात पट्ट्याचे बूट हवेत, चपला पहिल्याच वळणावर वाहून जातात. बाहेर पडायच्या पायऱ्या कुठल्या काठाला आहेत ते पाण्यात उतरण्याआधी चालत जाऊन बघून या. त्या चुकल्या की प्रवाह पुढे नेतो आणि उलट पोहणं जमत नाही. उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडणं हा रोजचाच प्रकार, त्यामुळे ट्यूबचा कार्यक्रम सकाळी उरका. नदीत मगरी आहेत. दिवसा माणसांच्या गजबजाटात त्या लांब राहतात, तिन्हीसांजेला नदीत कोणी उतरू नये.

डायव्हिंगसाठी फाटकाशी तीन गोष्टी लागतात: जबाबदारीच्या अर्जावर सही, डायव्हिंगचं वेगळं शुल्क आणि प्रमाणपत्राचं कार्ड. या तिसऱ्या गोष्टीवर आपल्याकडचे बरेच लोक अडतात. मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाने हात धरून खाली नेलं, फोटो काढले, व्हिडिओ दिला, तो अनुभव झाला. त्याने कार्ड मिळत नाही. कार्ड हवं तर ओपन वॉटरचा पूर्ण कोर्स लागतो: वाचन, बंदिस्त पाण्यातला सराव आणि उघड्या पाण्यात चार डाइव्ह, मिळून तीन-चार दिवस. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे, तिथे असे कोर्स होतात, आणि तिथलं आंतरराष्ट्रीय कार्ड फ्लोरिडात चालतं. मोबाइलवरच्या कार्डाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आत नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

समुद्रात शिकलेल्यांची पहिली चूक अंगावर बांधायच्या शिशाच्या वजनाची. खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड, म्हणून गोड्या पाण्यात माणूस कमी तरंगतो. तुम्ही, सूट, सिलिंडर, सगळं मिळून नव्वद किलो भरत असाल तर समुद्रातल्या वजनातून सव्वादोन किलो काढायचं. पण समुद्रात तीन मिलिमीटरचा सूट होता आणि इथे पाच मिलिमीटरचा घातला, तर त्यातला काही भाग परत घालावा लागतो. त्यामुळे हिशोबावर न थांबता पायऱ्यांजवळ तपासून घ्या. डायव्हिंगचं हवा भरायचं जॅकेट पूर्ण रिकामं, श्वास नेहमीसारखा भरलेला, अंग सरळ, हालचाल नाही. पाण्याची रेघ डोळ्यांशी आली पाहिजे. भरलेल्या सिलिंडरने तपासत असाल तर दोन किलो जास्तीचे धरा, कारण ऐंशी घनफुटांचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर शेवटाकडे तेवढं हलकं होतं. जास्त वजन बांधलेला माणूस गुहेत तळाशी घसटतो, पाय खाली लोंबतात, आणि त्याच्या मागच्यांना गाळाशिवाय काही दिसत नाही.

बॉलरूम हे या पार्कचं मुख्य आकर्षण. मुख्य डोहाच्या तळाशी जे रुंद तोंड दिसतं तेच त्याचं दार. आत उतार आहे, वरचं दालन प्रशस्त, बाहेरचा निळा उजेड तिथे भरपूर पोचतो. खाली जाताना दुसरं दालन लागतं, तिथे अंधार असतो आणि खोली पन्नास फुटांच्या घरात जाते. मार्गदर्शक दोरी कायमची बांधलेली आहे. शेवटी तळाशी लोखंडी जाळी. तिच्या पलीकडून झऱ्याचं पाणी एवढ्या जोरात येतं की दोन्ही हातांनी गज धरले तर अंग आडवं होऊन मागे फडफडतं. पलीकडच्या अरुंद वाटांत कोणी शिरू नये म्हणून ती बसवलेली आहे. गज सोडला की प्रवाह तुम्हाला दाराकडेच नेतो, हा इथला मोठा दिलासा.

आत घाई करू नका. भिंतीवर दिवा तिरका धरला की चुनखडीतले शिंपले आणि समुद्री जीवांचे ठसे उठून दिसतात. हा सगळा खडक कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साठलेला. छताकडे बघा: सोडलेला श्वास छताला अडकतो, बुडबुडे एकमेकांत मिसळून रुपेरी पट्टे होतात, सरकत सरकत एखाद्या फटीशी पोचतात आणि तिथून धार लागल्यासारखे वर निघून जातात. छताला डोकं किंवा सिलिंडर लागलं तर चुन्याची पूड खाली येते. तळाशी जोरात पाय मारले तर गाळ वर येतो. पोहताना गुडघे वाकवून बेडकासारखे पाय बाजूला मारा, वर-खाली मारू नका.

हवेचा हिशोब तिहाईचा ठेवा. ३,००० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेलं सिलिंडर असेल तर २,००० ला परत फिरायचं, बाहेर पडताना हाताशी १,००० उरले पाहिजेत. पन्नास फुटांवर दाब अडीचपट, म्हणजे पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा लागणाऱ्याला तिथे पन्नास लिटर लागते. ऐंशी घनफुटांची तिहाई साडेसातशे लिटर, म्हणजे पंधरा मिनिटांत परतायची वेळ. काटकसरीने श्वास घेणारा पंचवीस मिनिटंही काढतो, धापा टाकणारा आठच. जोडीत ज्याची पहिली तिहाई आधी संपेल त्याच्याबरोबर दोघांनीही वळायचं. यावर वाद नको.

बॉलरूममध्ये दिवा चालतो. शेजारच्या डेव्हिल्स झऱ्यांमध्ये, म्हणजे डेव्हिल्स आय, डेव्हिल्स इअर आणि लिटल डेव्हिलमध्ये, गुहेचं प्रशिक्षण नसलेल्याने दिवा नेलेला चालत नाही. नवख्यांना हा नियम उलटा वाटतो: अंधाराच्या जागी दिवा का नको? कारण अगदी साधं आहे. दिवा नसला की बाहेरचा उजेड संपतो तिथे माणूस आपोआप थांबतो. दिवा हातात असला की ‘अजून थोडं’ करत तो पुढे जातो, आणि डेव्हिल्सच्या आत जाळी नाही. तिथे तीस हजार फुटांहून जास्त लांबीच्या वाटा मोजलेल्या आहेत, फाटे फुटतात, छत खाली येतं. फ्लोरिडाच्या गुहांमध्ये जीव गमावलेल्यांत गुहेचं प्रशिक्षण न घेतलेले खूप आहेत, आणि त्यात चांगले अनुभवी समुद्री डायव्हर, अगदी प्रशिक्षकसुद्धा होते. गुहांच्या तोंडाशी हातात कोयता घेतलेल्या सांगाड्याचं चित्र असलेली पाटी लावलेली असते. तिथे फोटो काढा आणि मागे फिरा. मोबाइलचा किंवा कॅमेऱ्याचा दिवाही दिवाच धरला जातो.

दिव्याशिवायही डेव्हिल्स बघण्यासारखं आहे. लिटल डेव्हिल ही लांबट, अरुंद चीर आहे. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती आणि वर आकाश, त्यामुळे तळापर्यंत जाऊन वर बघायला हीच जागा उत्तम. डेव्हिल्स आय गोल विहिरीच्या घाटाचं, वीसेक फूट खोल, त्याच्या तळातून गुहेत वाट जाते, ती आपल्यासाठी नाही. डेव्हिल्स इअर नदीच्या पात्रातच उघडतं. तोंडाशी गेल्यावर झऱ्याचा लोट इतका येतो की मान वळवली तर मास्क सरकतो, रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधून श्वास घ्यायचं तोंडातलं उपकरण, दातांनी घट्ट धरावा लागतो. हातांनी खडकाच्या कडा धरून थोडं खाली उतरा आणि वर बघा: आपल्याभोवती काचेसारखं पाणी आणि डोक्यावर नदीचं लालसर पाणी, त्यातून झिरपणारं ऊन. हे बघायला नदी खाली असावी लागते. पातळी चढलेली असेल तर इअरकडे जाण्यात अर्थ नाही, हात समोर धरला तरी दिसत नाही. वर येताना ट्यूबवाले आणि होड्या डोक्यावरून जात असतात, तेव्हा हात उंच करून, काठाच्या बाजूनेच वर या.

पार्कातच डायव्हिंगचं दुकान आहे, तिथे सिलिंडर भरून मिळतं, सामान भाड्याने मिळतं आणि त्याचं कार्ड असेल तर नायट्रॉक्सही (जास्त ऑक्सिजन असलेली हवा). शनिवारी सकाळी सिलिंडर भरायला रांग लागते, म्हणून आदल्या संध्याकाळी भरून घ्या. भाड्याचा रेग्युलेटर घेतलात तर पाण्यात जाण्याआधी दोन्ही तोंडांतून पाच-सहा श्वास घेऊन काट्याकडे बघा. श्वासागणिक काटा हलत असेल तर सिलिंडर पूर्ण उघडलेलं नाही. प्रवेश, डायव्हिंग, हवा, भाडं, मुक्काम, प्रत्येकाचे पैसे वेगळे, त्यामुळे दोन डाइव्हचा दिवस स्वस्त पडत नाही. अर्ध्या दिवसासाठी येऊ नका, एक रात्र तंबूत राहिलात तर सकाळचा रिकामा डोह मिळतो आणि दुसऱ्या कुठल्याही वेळेपेक्षा तो सुंदर असतो.

भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील तर त्यांना पाण्यात उतरवण्याचा आग्रह नको. झाडांखाली बाकं आहेत, चुली आहेत, काठावरून सगळं दिसतं. घरून घडीच्या खुर्च्या, चादर, दशम्या-चटणी आणि पिण्याचं पाणी न्या. आतलं खाणं जुजबी आहे. आतले रस्ते मातीचे, पावसानंतर चिखल. काचेच्या बाटल्या नेऊ नका, कुत्रा-मांजर घरीच ठेवा, पाळीव प्राण्यांना फाटकातूनच परत पाठवतात.

तक्रारीच्या दोन गोष्टी. पहिली, शेवाळ. भोवतालच्या शेतांतली खतं आणि घरांच्या सेप्टिक टाक्यांमधलं नायट्रेट जमिनीत मुरून झऱ्यांत उतरतं, त्यावर हिरवे तंतू माजतात आणि पांढरी वाळू मधूनमधून झाकली जाते. दुसरी, उपसा. याच भागातून बाटलीबंद पाण्यासाठी दिवसाला ९,८४,००० गॅलन पाणी काढायचा परवाना सुवानी नदी जलव्यवस्थापन मंडळाने २०२१ मध्ये दिला. स्थानिकांचा विरोध बराच होता. पाण्यात उतरल्यावर यातलं काही जाणवत नाही, पण दुकानात पाण्याची बाटली घेताना आठवतं.

कार्ड नसेल आणि शांतपणे पोहायचं असेल तर याच नदीवर गिलख्रिस्ट ब्लू स्प्रिंग्ज आहे, २०१७ पासून सरकारी पार्क. तिथली प्रवेशमर्यादा भरली की फाटक बंद होतं, त्यामुळे उन्हाळ्यात आठ-साडेआठला पोचा. ट्यूबच हवी असेल तर जवळची इचटकनी नदी सरस: पाणी नितळ, खाणं आणि फेकायच्या वस्तू नदीत न्यायला बंदी, म्हणून नदी स्वच्छ. विलिस्टनचं डेव्हिल्स डेन छत कोसळून उघड्या पडलेल्या गुहेत आहे. तिथे नुसतं पोहता येत नाही, स्नॉर्कल किंवा स्कूबाच लागतं. परतीचं विमान असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर अठरा तास तरी जमिनीवर थांबा, एकच डाइव्ह केला असेल तर बारा. ओरलँडोहून सकाळचं विमान असणाऱ्यांनी आदला दिवस ट्यूबसाठी ठेवावा आणि डाइव्ह त्याच्या आधीच्या दिवशी उरकावेत.